तीन पानांचा बेल

माझ्या नवऱ्याच्या नावावर एक गुन्हा आहे. शिकागोच्या आसपासच्या आमच्या ओळखीच्या सगळ्या मराठी घरांत तो माहीत आहे, आमच्या मुलाला माहीत आहे, सुनेच्या माहेरीसुद्धा माहीत आहे. गुन्हा असा, की चाळीसेक वर्षांपूर्वी, या देशात नवे असताना, माझ्या हरतालिकेसाठी ह्यांनी इंडियाना ड्यून्सच्या जंगलातून बेल समजून पॉयझन आयव्हीची पानं तोडून आणली, आणि ऐन गणपतीत आठ बायकांच्या हातातोंडावर फोडच फोड आले.

या गोष्टीत एक बारीकशी चूक आहे. ती पानं ह्यांनी तोडली नव्हती. मी तोडली होती.

हे फक्त आम्हा दोघांना ठाऊक होतं. गेल्या जूनपर्यंत.

जूनमध्ये नातीचा फोन आला. ती ॲन आर्बरला शिकते, पाणथळ जागांबद्दल काहीतरी. मी लोकांना 'दलदलीत शिकते' असं सांगते, तिला ते आवडत नाही. तिला उन्हाळ्यापुरती नोकरी लागली होती, कुठे, तर ड्यून्समध्येच. खाकी शर्ट, मोठी गोल टोपी, आणि दर शनिवारी सकाळी आलेल्या लोकांना पायी फिरवून दलदल, वाळूच्या टेकड्या आणि जंगल दाखवायचं.

"आजी, या सॅटर्डेला माझा फर्स्ट वॉक आहे. तू आणि आजोबा या हं. आणि ऐक ना, मी आजोबांची पॉयझन आयव्हीची स्टोरी सांगणार आहे. लोकांना प्लांट लक्षात राहत नाही, स्टोरी लक्षात राहते. आजोबांची परमिशन घेतली, ते म्हणाले, सांग."

"ते काय म्हणाले?"

"सांग, म्हणाले. मग मी ती प्रोग्रॅममध्ये टाकली. एव्हरी सॅटर्डे, होल समर!"

मी फोन ठेवला. आजवर ते खोटं आपलं घरगुती होतं. चिवड्याबरोबर निघायचं, चहाबरोबर संपायचं. आता ते दर शनिवारी, सरकारी टोपी घालून, अनोळखी लोकांपुढे सांगितलं जाणार होतं, आणि सांगणार होती ती पोर, जिला सगळ्या जगात खरं बोलणारं एकच माणूस माहीत होतं. ते माणूस म्हणजे मी. कारण तसं तिला मीच सांगितलं होतं.

हे सोफ्यावर पेपर वाचत होते.

"तुम्ही तिला हो कसं म्हणालात?"

"विचारलं तिने. छान सांगते ती, हातवारे करून."

"अहो, पण ते खोटं आहे!"

पेपरमागून आवाज आला, "अस्सं?"

शनिवारच्या आत तिला सांगून टाकायचं, असं मी ठरवलं. सोमवारी ठरवलं, मंगळवारी ठरवलं. बुधवारी तिच्यासाठी शंकरपाळे केले. म्हटलं, आधी शंकरपाळे द्यावेत आणि मग सांगावं.

*

त्या वेळची मी आज मला रस्त्यात भेटले, तर मी पलीकडच्या फुटपाथवर जाईन. वय चोवीस, वाईहून आलेली, दोन सुटकेसांपैकी एक पूजेच्या सामानाने भरलेली. बी.ए.ला संस्कृत होतं. निकाल सेकंड क्लासच होता, पण विमान इथे उतरेपर्यंत मी त्याचा फर्स्ट क्लास करून टाकला होता. हे तळ्याकाठच्या एका पोलाद कारखान्यात धातुतज्ज्ञ होते. दिवसभर भट्टीचं तापमान बघायचे आणि संध्याकाळी घरी आले की माझं.

आमच्या भागात तेव्हा मराठी घरं आठ. त्यांत सगळ्यांत आधी आलेल्या, सगळ्यांत मोठ्या, त्या मोठ्या काकू. लहान मुलांच्या डॉक्टर. दिवसभर इस्पितळात, आणि सणावाराला आम्हा सगळ्यांना त्यांच्या बेसमेंटमध्ये गोळा करायच्या. माझी पहिली हरतालिका तिथेच झाली. आता, हरतालिकेला वाळूची पिंडी लागते आणि पत्री लागते, म्हणजे सोळा प्रकारची झाडपानं, त्यांत बेल तर हवाच. काकूंनी वाळू आणली होती हार्डवेअरच्या दुकानातून, मुलांना खेळायला देतात तसलं पोतं. पत्रीत पुदिना, कोथिंबीर, पालक, घराभोवतीचं मेपल. आणि बेलाच्या जागी कुंडीतलं बेझिल, म्हणजे इथली तुळशीची बहीण.

दिवसभर पाण्याचा थेंब न घेता, इस्पितळातून धावत येऊन त्या बाईने ते सगळं मांडलं होतं. आणि मी, येऊन चार महिने झालेली, काय म्हणाले असेन?

"देव चालवून घेतो, म्हणून आपण काहीही चालवायचं का?"

काकूंनी माझ्याकडे बघितलं. पोराला गोवर आहे की नुसतं घामोळं, हे ठरवताना डॉक्टर बघतात ना, तसं.

"बरं," त्या म्हणाल्या. "पुढच्या वर्षी वाळू आणि पत्री तुझ्याकडे."

मला वाटलं, मान मिळाला. वर्षभर मी तो मिरवला.

पुढच्या वर्षी हरतालिकेच्या आदल्या दिवशी मी ह्यांना घेऊन ड्यून्सला गेले. पत्री काय पँट घालून तोडायची? म्हणून इरकली नेसले. पायांत चपला. एका हातात स्टीलचा मोठा डबा, दुसऱ्या हातात पिशवी. पायांत कारखान्यातले जाडजूड बूट घालून हे मागून येत होते.

ती वाळू ज्यांनी चढली नाही त्यांना सांगते. एक पाऊल वर टाकलं की अर्धं खाली येतं. चपलांत वाळू जाते, चपला वाळूत जातात. वर पोचले तेव्हा माझ्या निऱ्या कमरेवर नव्हत्या, गुडघ्यांशी होत्या. समोर ते समुद्राएवढं तळं, पार पलीकडे शिकागोच्या इमारती काड्यांसारख्या उभ्या, आणि एक अमेरिकन कुटुंब सँडविच हातात धरून माझ्याकडे बघतंय. मी त्यांच्याकडे बघून नमस्कार केला. का केला, विचारू नका.

तळ्याच्या कडेची ओली वाळू डब्यात भरली आणि आम्ही मागच्या जंगलात शिरलो. तिथे मी पत्री तोडायला लागले. हा आघाडा. ही जाई. हा अर्जुन. त्यांतलं एकही झाड आघाडा, जाई किंवा अर्जुन नव्हतं. ओक होता, कॉटनवूड होतं, आणि एक झाड होतं ज्याच्या पानांचे तीन वेगवेगळे आकार होते, त्याला मी तीन नावं देऊन तीन पत्र्या धरल्या. पंधरा झाल्या. सोळावा बेल. तो काही दिसेना.

आणि दिसला! एका ओकच्या खोडावर वेल चढला होता, हिरवागार, तेल लावल्यासारखी चमकणारी पानं, आणि प्रत्येक देठाला तीन. त्रिदळ! बेलाचं झाड असतं, वेल नसतो, हे मला ठाऊक होतं, पण अमेरिकेत सगळंच उलटं, दिव्याचं बटण वर केलं की दिवा लागतो, तर बेलही वेलावर येत असेल. माझ्या डोळ्यांत पाणी आलं हो.

"अगं, ते सोड," हे म्हणाले. "कारखान्यात आम्हाला याचं चित्र दाखवलंय. तीन पानांचं काही दिसलं की हात लावायचा नाही म्हणतात."

"कोण म्हणतं?"

"सेफ्टीवाला."

"त्या सेफ्टीवाल्याने कधी शंकराची पूजा केली आहे का?"

"नसेल केली. पण फोड येतात म्हणाला."

"तुम्हाला लोखंड कळतं. बेल मला कळू दे."

ह्यांनी दोन्ही हात पँटच्या खिशात घातले. मी एकशे आठ पानं मोजून तोडली, तोपर्यंत ते हात खिशातच होते. गाडीचं दार उघडायलाच काय ते बाहेर आले.

त्या वर्षीची पूजा काय झाली! डब्यातून वाळू काढली तेव्हा 'खरी वाळू, खरी वाळू' म्हणून सगळ्यांनी हात लावून बघितली. पत्री एकेक वाहिली. शेवटी मी पिशवीतून बेल काढला आणि सगळ्यांना ओंजळभर वाटला. काकूंनी एक पान हातात घेतलं. उलटंसुलटं करून बघितलं. मग दोन्ही डोळ्यांना लावलं, आधी उजव्या, मग डाव्या.

"किती वर्षं झाली गं," त्या म्हणाल्या, "बेल बघितला नव्हता."

आणि त्या रडल्या. काकू! ज्या कोणाच्याही पोराला सुई टोचताना हसायच्या.

दुसऱ्या दिवशी गणपती. मोदक वळताना एकेकीची बोटं खाजायला लागली. तिसऱ्या दिवशी सगळ्यांच्या हातांवर रेघोट्यांसारखे फोड, आणि काकूंचे डोळे इतके सुजले, की त्यांना गणपतीची आरती ऐकूनच कळली, दिसली नाही. रॅश ओळखायला त्यांना एक सेकंद लागला. पान ओळखायला मात्र दोन दिवस उशीर झाला होता.

चौथ्या दिवशी सकाळी काकूंचा फोन आला.

"पानं कोणी तोडली?"

मी खरं सांगणार होते. देवाशपथ सांगते, तोंड उघडलं तेव्हा खरंच बाहेर येणार होतं. पण डोळ्यांना पान लावलेल्या काकू दिसल्या. 'चालवून घ्यायचं का' म्हणणारी मी दिसले. त्या बेसमेंटमध्ये परत कुठल्या तोंडाने पाऊल टाकू, असं वाटलं. या देशात माझी म्हणून तेवढी आठच तर घरं होती.

"ह्यांनी," मी म्हणाले.

"त्याने?"

"मी म्हटलं बेल आणा. त्यांनी ते आणलं. पुरुषांना काय कळतं, काकू."

"मग तुझ्या तोंडावर कसं आलं?"

"त्यांचा शर्ट धुतला ना मी."

हे समोर चहा पीत होते. त्यांनी कप खाली ठेवला. माझ्याकडे बघितलं. मग पेपर उचलला.

संध्याकाळी आरतीला सगळ्या पुरुषांनी त्यांना घेरलं. "काय हो बोटॅनिस्ट!" "पुढच्या वर्षी धोतरा आणा!" हे हसले आणि म्हणाले, "चूक झाली." एवढंच. आठवडाभराने सांगू, असं मी मनाशी म्हटलं. मग दसऱ्याला सांगू. मग दिवाळीला तर गोष्ट इतकी रंगली होती, की ती मोडणं म्हणजे लोकांच्या तोंडचा घास काढण्यासारखं. उलट मीच त्यात भर घालायला लागले. पानं तोडताना हे शीळ घालत होते, ही भर माझी. ह्यांना शीळ घालताच येत नाही.

*

शनिवारी आम्ही पोचलो तेव्हा नात टोपी घालून उभी होती. पंधरावीस लोक होते. मी तिच्या हातात शंकरपाळ्यांचा डबा दिला आणि म्हटलं, "जरा इकडे ये, तुला एक सांगायचंय."

"आजी, वॉक नंतर! तू पाणी आणलंस ना? सनस्क्रीन?"

आधी दलदल. पाण्यावरून लाकडी वाट केली आहे, तिच्यावरून एका रांगेत चालायचं. दोन्हीकडे उंच गवत, पाण्यात करड्या रंगाचे लांब पायांचे दोन पक्षी. आगगाडी जवळूनच गेली, तरी ते हलले नाहीत. नात हळू आवाजात सांगत होती, हे पाणी एकेकाळी चर खणून काढून टाकलं होतं, आता परत आणलंय. मी रांगेत तिसरी होते. पुढच्या बाईला ओलांडून नातीपर्यंत जावं, तर पाण्यात पडायची सोय. ह्यांना कोपराने ढोसलं.

"तुम्ही सांगा ना तिला."

"काय सांगू?"

"खरं काय ते."

"गोष्ट तुझी आहे," हे म्हणाले. "मी फक्त त्यात काम करतो."

मग टेकडी. आता तिथे वर जायला पायऱ्या केल्या आहेत, तरी माझे गुडघे सगळ्या पायऱ्यांना नावं ठेवत वर गेले. वर पोचले तर तेच तळं, त्याच काड्यांसारख्या इमारती. मी खाली बसले. एका कोरड्या खळग्यात वाळलेली, पांढरीफटक झाडांची खोडं उभी होती.

"ही टेकडी चालते," नात सांगत होती. इंग्रजीत, पण मी माझ्या भाषेत सांगते. "वारा वाळू उचलतो आणि पुढे टाकतो. समोर जंगल आलं तर झाडं उभीच्या उभी वाळूत पुरली जातात. आपल्याला वाटतं, संपलं. मग कित्येक वर्षांनी टेकडी पुढे सरकते आणि तीच झाडं परत उघडी पडतात."

हे माझ्याकडे बघत नव्हते. अजिबात बघत नव्हते. चाळीस वर्षांच्या संसारात, ते अजिबात बघत नाहीत तेव्हा काय असतं ते मला कळतं.

मग जंगल. ओकच्या सावलीत बरं वाटत होतं. आणि एका खोडापाशी नात थांबली. हिरवागार वेल, तेल लावल्यासारखी पानं, तीन-तीन. बघूनच माझी बोटं खाजायला लागली.

तिने सांगायला सुरुवात केली. छानच सांगते, हे म्हणाले होते ते खरं. माझी आजी दर वर्षी एक उपास करते, वाळूतून देव घडवते, मग त्याला पानं वाहते. एक पान सगळ्यांत पवित्र, त्याला तीन पानं असतात. आणि माझे आजोबा, नवे नवे आलेले, आजीवर इतकं प्रेम करणारे, त्यांनी इथे, याच जंगलात, हे बघितलं. शीळ घालत त्यांनी एकशे आठ पानं तोडली.

लोक हसत होते, 'ओ नो' म्हणत होते. "आणि हे ते आजोबा!" म्हणून तिने ह्यांच्याकडे हात केला. टाळ्या पडल्या. ह्यांनी टोपी काढून मान झुकवली.

दोन काठ्या घेऊन चालणाऱ्या एका म्हाताऱ्या अमेरिकन बाईने विचारलं, "तुम्हाला फार त्रास झाला असेल नाही?"

"मला?" हे म्हणाले. "नाही. मला काहीच झालं नाही."

हा माणूस माझ्यासाठी गप्प बसला होता. पण विचारल्यावर खोटं बोलला नाही, चाळीस वर्षांत एकदाही नाही. हे माझ्या तिथे उभ्या उभ्या लक्षात आलं.

नात अडखळली. "काहीच नाही? एकशे आठ पानं तोडून?" मग तिचा चेहरा उजळला. "काही लोकांना याची ॲलर्जी नसते! आजोबा, तुम्ही लकी आहात!" आणि लोकांना म्हणाली, "हे आता मी प्रोग्रॅममध्ये ॲड करणार."

कोणीतरी म्हणालं, मग यांनाच आमच्या अंगणातला वेल उपटायला न्यावं. सगळे हसले. कोणी काही विचारणार नव्हतं. खोट्याला स्वतःहून नवीन फांदी फुटली होती, मला बोटसुद्धा उचलायची गरज नव्हती.

मी हात वर केला. शाळेत करतात तसा.

"येस, आजी?"

"मी तोडली," मी इंग्रजीत म्हणाले, म्हणजे सगळ्यांना कळावं. "ते नको म्हणत होते. मी ऐकलं नाही. त्यांचे हात खिशात होते. म्हणून त्यांना काही झालं नाही. आणि त्यांना शीळ येत नाही."

लोक इतके हसले, की वरून एक पक्षी उडाला. काठीवाल्या बाईने तर माझ्या पाठीवर थाप मारली. नात हसली नाही. तिने टोपी जरा पुढे ओढली, पुढची माहिती सांगितली, हात लागलाच तर लगेच साबणाने धुवा म्हणाली, आणि लोकांना गाडीतळापर्यंत नेऊन सोडलं. सगळं व्यवस्थित. माझ्याकडे न बघता.

लोक गेल्यावर ती आमच्या गाडीपाशी आली. शंकरपाळ्यांचा डबा तिने गाडीच्या टपावर ठेवला.

"आजोबा, खरं?"

"हं."

"तुम्ही कधी का नाही सांगितलं?"

"कोणी विचारलं नाही," हे म्हणाले.

मग ती माझ्याकडे वळली. "मी सेव्हन होते. तुझा तो निळा बाउल फुटला आणि मी मॉम-डॅडना फोनवर सांगितलं की कझिनने फोडला. आठवतं?"

आठवत होतं.

"तू मला कॉल करायला लावलास. त्याच दिवशी. मी रडत होते, तरी. तू म्हणालीस, ज्याच्यावर आळ घेतलास त्याच्यासमोर नाही, ज्यांना खोटं सांगितलंस त्यांना सांग." तिने डोक्यावरची टोपी काढली. "यू मेड मी कॉल, आजी."

तो निळा बाउल स्वस्तातला होता. तरी मी त्या पोरीला फोन हातात धरून उभं केलं होतं. मी किती खरी, हे तिला दिसावं म्हणून.

"मोठ्या काकूंना कॉल कर," ती म्हणाली.

"आत्ता? त्यांची जेवायची वेळ..."

"आजी."

काकू आता नव्वदीला टेकल्या आहेत. कान उत्तम, आवाज अजून डॉक्टरचाच. नातीने फोन स्पीकरवर टाकून गाडीच्या टपावर, डब्याशेजारी ठेवला.

"काकू, मी बोलतेय. तो बेल आठवतो?"

"माझे डोळे गेले होते त्या दिवशी. आठवतो म्हणजे काय!"

"तो मी तोडला होता. ह्यांनी नाही."

पलीकडे चमचा ताटात ठेवल्याचा आवाज आला.

"मी ते पान डोळ्यांना लावलं होतं," काकू म्हणाल्या.

"हो काकू."

"रडले होते मी."

"म्हणूनच सांगता आलं नाही."

"मूर्ख मुलगी," त्या म्हणाल्या. अडुसष्ट वर्षांच्या बाईला. फार बरं वाटलं. "त्याला दे."

हे टपावर वाकले. "बोला काकू."

"अरे, मी तुला इतकी वर्षं पूजेच्या खोलीत पाऊल टाकू दिलं नाही! पत्रीला हात लावू दिला नाही, चौरंग उचलू दिला नाही. सगळ्यांचे नवरे राबायचे आणि तू गॅरेजमध्ये एकटा खुर्ची टाकून बसायचास. माझ्या जिवाला किती लागलंय आता!"

"नाही हो काकू. तिथे टीव्ही होता."

"काय होता?"

"टीव्ही. फुटबॉल त्याच सुमाराला सुरू होतं ना, सप्टेंबरात. मला कोणी उठवायचं नाही. फराळही तिथेच यायचा."

मी ह्यांच्याकडे बघत राहिले. नातही बघत राहिली. एवढी वर्षं मी ज्या माणसाची मनातल्या मनात माफी मागत होते, तो गॅरेजमध्ये पाय वर करून चकल्या खात होता!

"असं," काकू म्हणाल्या. पोराला ताप आलाच नव्हता, शाळा चुकवायची होती, हे कळल्यावरचा आवाज. "मग ऐक. या वर्षी पत्री तू आणायचीस. सोळा प्रकारची. चौरंग तू मांडायचास, रांगोळीसुद्धा. आरती संपेपर्यंत खोलीतून हलायचं नाही."

"काकू, पण..."

"आणि तिला सांग, वाळू तिच्याकडे. दुकानातली, पोत्यातली. घरी येऊन चाळायची."

फोन बंद झाला. ह्यांनी माझ्याकडे बघितलं. ते 'ह्यांनी' ऐकून कप खाली ठेवला होता, तेव्हासुद्धा या नजरेने बघितलं नव्हतं.

"गप्प बसवलं नाही ना तुला," हे म्हणाले. "चांगली चाळीस वर्षं सुट्टी मिळाली होती."

नातीने तोंडावर टोपी धरली. खांदे हलत होते. बऱ्याच वेळाने टोपी खाली आली, तेव्हा ती हसत होती, पण डोळे पुसतही होती. तिने टपावरचा डबा उघडून एक शंकरपाळा तोंडात टाकला. मला दिला नाही. ते मला कळलं. दुसरा ह्यांना दिला. मग जरा थांबून तिसरा माझ्या हातावर ठेवला.

त्या उन्हाळ्यात तिने गोष्ट बदलली. आम्ही आणखी दोनदा जाऊन ऐकली. आता त्यात इरकली नेसलेली एक दीडशहाणी बाई आहे, आणि तिच्यामागे खिशात हात घातलेला एक माणूस. नात त्याची नक्कल करते, तेव्हा लोक फार हसतात. आणि हसून झालं की तिथलं काहीही, अगदी वाळूसुद्धा, उचलून न्यायचं नाही, हे सांगते. तेव्हा माझ्याकडे बघते. स्टीलच्या डब्याचं मी तिला सांगायला नको होतं.

सप्टेंबरात, हरतालिकेच्या आदल्या दिवशी, हे कारखान्यातले जुने चामडी हातमोजे घालून परसात उतरले. एका हातात कात्री, दुसऱ्या हातात फोन. फोनवर ॲन आर्बरहून नात एकेक पान बघून 'ओके' म्हणत होती. टीव्हीवर फुटबॉल लागलं होतं, त्याचा आवाज खिडकीतून त्यांच्यापर्यंत जावा म्हणून मी तो जरा मोठा केला. मी आत, जमिनीवर बसून, पोत्यातली वाळू चाळत होते. स्वच्छ, एकसारखी, सुरेख वाळू. काकूंची पिंडी पहिल्याच वर्षी किती नीट उभी राहिली होती, ते आठवलं.

कुंपणाच्या कोपऱ्यातून ह्यांची हाक आली.

"अगं, जरा इकडे येतेस का? इथे तीन पानांचं काहीतरी आहे. तुला बेल कळतो ना?"